बोट झाक

ताई,

तेरवीला आलेल्या प्रत्येकाला तुझा हात आठवत होता. सावरगावचा एक माणूस, कपाळावर टाक्यांची जुनी खूण असलेला, मांडवाच्या खांबाला टेकून सांगत होता, "बाईनं माहा हात असा धरला होता, पार दवाखान्यापर्यंत सोडला नाई." बोरगावहून एक म्हातारी आली होती. तिच्या सुनेला कळा सुटल्या तेव्हा तू गाडीत तिचा हात धरून बसली होतीस म्हणे, आणि सून इतकी जोरात दाबत होती की तुझ्या बोटांवर वळ उठले. म्हातारीनं स्वतःचा हात पुढं करून सगळ्यांना वळ कुठं उठले ते दाखवलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात पत्रावळी घेऊन उभी होते. मला रडू येत नव्हतं, मला हेवा वाटत होता. अँबुलन्समध्ये चढलेल्या कुठल्याही माणसाला तुझा हात मिळाला आणि मला तो शेवटचा कधी मिळाला हे आठवून काढावं लागत होतं. हे तुझ्या तेरवीला वाटायला नको होतं, कळतं मला. पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय करू?

घरी तू हात लावू द्यायची नाहीस. ड्युटीवरून आलीस की फाटकातूनच ओरडायचीस, "दूर राय वं, आंघोळ व्हाची हाय माही!" कपडे वेगळ्या बादलीत, बादलीत ते उग्र वासाचं औषध, मग आंघोळ, मग जेवण. एवढं होईपर्यंत तुझ्यातलं जे काही उरायचं ते माझ्या वाट्याला यायचं आणि ते बहुतेक वेळा झोपच असायची. मी पलंगाच्या कडेला बसून तुला झोपलेली बघायचे. या बाईनं आज कोणाकोणाला धरलं असेल, असा विचार करायचे.

हेवा तसा जुना आहे. तुला बाबांनी घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं. मी मोठी झाले तोवर इंग्रजी शाळेची पिवळी बस आपल्या गल्लीपर्यंत यायला लागली होती. लोक म्हणायचे, धाकटीचं नशीब. मला टाय मिळाला, तुला गाव मिळालं. बसच्या खिडकीतून दिसायचीस तू, चौकात पाच-सहा पोट्ट्यांच्या मधोमध, हातवारे करून काहीतरी सांगत असलेली आणि सगळ्या हसत असलेल्या. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या. घरी बोलले की तू माझ्या पुस्तकी मराठीला हसायचीस. दोन्हीकडे तोंड बंद ठेवणं सोपं होतं, मी ते ठेवलं. आत्ता हे लिहिते आहे तेही पुस्तकीच आहे. तू असतीस तर पहिल्या ओळीलाच कागद ओढून घेतला असतास आणि तुझ्या गाडीवरच्या देवरावकाकांना नाटकी आवाजात वाचून दाखवला असतास.

म्हणून मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. रक्ताच्या नळ्या बोलत नाहीत. पुढं दवाखान्यानं आणखी एक काम दिलं. कोणाला सुई टोचली, कोणाच्या डोळ्यात रक्त उडालं, कोणाच्या लसीचा डोस राहिला, हे सगळं बघायचं. त्यात अँबुलन्सचे लोकही आले. म्हणजे तू आलीस. आयुष्यात पहिल्यांदा तुला माझं ऐकावं लागणार होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला होता.

पहिल्याच ट्रेनिंगला मी रबरी हातमोज्यांचा नियम सांगत असताना तू शेवटच्या रांगेतून विचारलंस, "अन् मोज्यातून नस कशी सापडते, ते बी सांगा नं मॅडम." सगळे हसले. मी चाचरत कागदावरचं वाचत राहिले. मग तू सगळ्यांना म्हणालीस, "वाईट वाटून घेऊ नका बाप्पा, माही बहीण म्हणजे चालतं-फिरतं फिनाइल हाय." त्या दिवसापासून सौसर आणि पांढुर्ण्याच्या सगळ्या गाड्यांमध्ये माझं नाव फिनाइल पडलं.

मोज्यांवरून आपलं भांडण दोन वर्षं चाललं. अंगणात संत्री सोलतानाचं एक मला जसंच्या तसं आठवतं.

तू म्हणालीस, "म्हाताऱ्या माणसाले हात लावाच्या आधी मी मोजे चढवले नं, त् तो आपला हात मागं घेते. त्याले वाटते, पोरगी आपला विटाळ मानून राहिली."

"विटाळ नाही ताई, व्हायरस."

"मंग तूच जाऊन सांग त्याले फरक. तोवर त्याचं बीपी कोण पाहीन?"

"आणि त्याच्या रक्तात काही असलं तर?"

"त्याच्या रक्तात काय हाय ते त्याले तरी मालूम हाय का? त्याच्या डोळ्यात भेव हाय, ते मले दिसते." मग सोललेली फोड माझ्या तोंडासमोर धरून म्हणालीस, "घे. हात धुतले हायेत, सर्टिफिकेट पाह्यजे का?"

मी फोड घेतली नाही. आता वाटतं, घ्यायला हवी होती.

शेवटी तू मोजे घालायला लागलीस. मला वाटलं, जिंकले. मग एकदा सौसरला तुला काम करताना पाहिलं. आपल्याकडे मोजे यायचे ते पुरुषांच्या मापाचे, आणि तुझे हात आईसारखे लहान. बोटांच्या पुढं रबर लोंबायचं. तू मोजा चढवलास, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक दातात धरून टचकन फाडलंस, उघडं बोट त्या माणसाच्या दंडावर फिरवून नस शोधलीस आणि उजव्या हातानं सुई घातलीस. एका फटक्यात. इतकं सुंदर काम होतं ते की मला ओरडायचं सुचलं नाही. बाकीचे लोक ते बघून शिकत होते.

यावर उपाय होता. आधी उघड्या बोटानं नस शोधायची, जागा मनात पक्की करायची, तिथं स्पिरिटनं पुसायचं, मग अखंड मोजा घालायचा आणि मग सुई. नस कुठं पळून जात नाही. हे मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही, कारण त्यात तुझं निम्मं खरं ठरत होतं. पेशंटला पहिला स्पर्श उघड्याच हाताचा झाला असता. मला तुझं निम्मंसुद्धा खरं ठरू द्यायचं नव्हतं.

लसीचंही तसंच. हिपॅटायटिस बीचे तीन डोस. पहिला तू घेतलास, सुई टोचणाऱ्या सिस्टरची टिंगल करत. दुसऱ्याच्या दिवशी तुला कॉल आला. मी मोबाइलवर आठवण पाठवायचे, तू उलट नुसता अंगठा पाठवायचीस. तुझ्या नावापुढं एकच खूण राहिली.

पोळ्याच्या दिवशी कोहळं चिरताना विळी तुझ्या बोटाला लागली. डावा हात, पहिलं बोट. आईनं हळद भरली, फुंकर घातली आणि तुझं बोट पदरात धरून बसून राहिली. तू बत्तीस वर्षांची. मी गॅसपाशी पुरण घाटत तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, मीही काहीतरी कापून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव, मध्ये पाण्यात रोवलेल्या झाडावर झेंडा, आणि तो मिळवायला दिवसभर एकमेकांवर दगड. त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गाड्या इथं आणून उभ्या करतात, तशी तुझीही सौसरहून आली होती. मी दवाखान्यानं काठावर घातलेल्या मांडवात टेबलावर मोजे वाटत होते. तुझ्या गाडीचे ड्रायव्हर देवरावकाका आले.

"लहान माप हाय का मॅडम? आमच्या बाईचे हात पाहा नं, बाहुलीचे हात हायेत."

"नाही आलं काका. मागवलंय."

"चालते मंग. बाई करते आपली सोय."

तू मागंच होतीस. मोजा चढवलास, टोक फाडलंस. फाटक्या रबरातून बोट बाहेर आलं, आणि ते पिवळं होतं. आदल्या दिवशीची हळद. कापलेलंच बोट.

मला दिसलं, ताई. त्या मांडवात पन्नास माणसं असतील, पण तुझी जखम कुठल्या बोटाला आहे हे फक्त मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी जळफळत तिच्याकडे बघत मीच उभी होते. दोन शब्दांचं काम होतं. बोट झाक. एवढंच म्हणायचं होतं. खिशात चिकटपट्टी होती माझ्या.

तेवढ्यात तुझं माझ्याकडे लक्ष गेलं. "पाहा, पाहा, फिनाइल पाहून राहिली! आता लेक्चर येते!" देवरावकाका हसले, दुसऱ्या गाडीचे दोघं हसले, चहा घेऊन आलेला माणूससुद्धा हसला. माझे कान तापले. मी खाली मान घालून मोज्यांचे डबे नीट लावायला लागले. ते आधीच नीट होते. मान वर केली तोवर पहिला जखमी आला होता, डोकं फुटलेला, आणि तू पळालीस.

दुपारी मी तिथून गेले तेव्हा तुझा डावा हात मनगटापर्यंत लाल होता. बोटावरची हळद दिसत नव्हती.

पाच वाजता गाडीपाशी येऊन मी म्हणाले, "रक्त लागल्याचा फॉर्म आजच्या आज भर. तुला एकच डोस झालाय. नागपूरहून हिपॅटायटिसवरचं इंजेक्शन मागवावं लागेल."

"साबणानं धुतले नं मी हात."

"जखम होती त्या बोटाला."

"अवं, एवढूशी त् हाय. रोजचंच हाय हे. एका बोटासाठी नागपूरहून औषध मागवतेस का?"

"सगळ्यांसमोर माझी थट्टा करायचं कारण नव्हतं."

तू माझ्याकडे बघितलंस. खरंच आश्चर्य वाटलं होतं तुला. "त् त्याचा राग हाय का? मजाक होता नं वं."

मी म्हणाले, "कर तुला काय करायचं ते," आणि निघून आले. मग आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या दिवशी, फार तर पहिल्या आठवड्यात. मला ते पाठ होतं. फॉर्म मला स्वतःला भरता आला असता, तुझी सही नंतरही घेता आली असती. दुसऱ्या कोणाचा असता तर मी भरलाच असता. पण माझं म्हणणं होतं की तू यावंस आणि म्हणावंस, बाई, तुझं बरोबर होतं. नवव्या दिवशी तू मोगऱ्याचा गजरा आणलास, आईला एक, मला एक, आणि मी बोलले. तोवर मुदत संपली होती.

ते कोणाच्या रक्तातून आलं हे कधीच कळणार नाही. गोटमारचं असेल, त्याच्या आधीचं किंवा नंतरचंही असेल. दिवस मोजले तर तेच जुळतात.

दिवाळीनंतर तुझे डोळे पिवळे झाले. आईनं कुठूनशी काविळीची माळ आणली. डोक्यावर ठेवायची, ती आपोआप वाढत खाली येते म्हणतात. तू ती मुकुटासारखी घालून आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "लगन लागून राहिलं माहं." मी तुला ओढत प्रयोगशाळेत नेलं. तू बाही वर करून हात पुढं केलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझा हात माझ्या हातात आला होता, आणि माझ्या हातात मोजे होते. हिपॅटायटिस बीच्या तपासणीच्या पट्टीवर आजाराची दुसरी रेघ उमटताना मी बघत होते आणि तू खिडकीतून बाहेर कोणाला तरी हात करत होतीस.

या आजारातून मोठी माणसं बहुतेक बरी होतात. मी हेच आईला सांगितलं, नागपूरला जाताना देवरावकाकांना सांगितलं. ते खरंच आहे. तू झाली नाहीस.

नागपूरच्या वॉर्डात चौथ्या दिवशी आई तुझ्या उजव्या बाजूला होती, मी डाव्या. तुझ्या हाताला सलाइन लावल्याच्या जागी रक्ताचा एक वाळका ठिपका होता. मी हात धरायला गेले तर तू म्हणालीस, "मोजे घाल वं. तुले लागन."

हात धरल्यानं हा आजार होत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर तसा कागद मीच लावला आहे. हात द्या, शेजारी बसा, एका ताटात जेवा, काही होत नाही. मोजे रक्तासाठी असतात, माणसासाठी नाही. तो ठिपका पुसून वर पट्टी लावायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी मोजे घातले. तू सांगितलंस म्हणून घातले, असं मी आईला सांगते. खरं कारण वेगळं आहे. दोन वर्षांनी का होईना, तू मला मोजे घाल म्हणाली होतीस. मी जिंकले होते आणि थोडा वेळ मला ते जिंकणं हातात धरून बसायचं होतं. पलीकडे आई तुझा दुसरा हात उघड्या हातानं चोळत होती. मला तिचाही हेवा वाटला, तरी मी मोजे काढले नाहीत. उद्या काढू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तुला माणसं ओळखू येईनात. तू मला सिस्टर म्हणालीस, आईला पाणी मागितलंस, कोणाला तरी गाडी मागं घ्यायला सांगितलंस. दुपारी चार वाजता संपलं.

तेरवीनंतर देवरावकाका तुझी बॅग घेऊन घरी आले. त्यांचाही मला राग होता. दिवसाचे बारा तास तू त्यांच्या शेजारी बसायचीस. तू चहात किती साखर घेतेस हे त्यांना ठाऊक, मला नाही. ते ओट्यावर बसले, टोपी काढून म्हणाले, "एक सांगू का मॅडम? मले पहिले तुमचा लय राग ये."

मी तुझी बॅग जवळ ओढून घेतली.

"रोज तुमचंच ऐका लागे नं. माही बहीण असं म्हणते, माही बहीण तसं म्हणते. सुयांच्या डब्याले मले बिनामोज्यानं हात लावू देत नव्हती. चादर उचलाची त् मोजे. गाडी धुवाची त् मोजे. मी म्हणो, बाई, तू सोता त् बोट उघडं ठेवते. त् म्हणे, माहं सोडा काका, तुमाले काही झालं त् फिनाइल मले घरात घेईन का? अन् तिन्ही डोस मले उभं राहून घ्याले लावले तिनं." मग जरा हसले. "म्या बायकोले म्हटलं, ह्या बाईचा जीव समदा त्या लहानीत हाय, आपण नुसते गाडी चालवतो."

मी आत गेले. पाणी आणायला गेले असं त्यांना वाटलं असेल.

ताई, फाटकातून "दूर राय" ओरडणारी तू, वेगळी बादली, ते औषध. ते तुझे मोजे होते. बाहेर घालायचे ते तू घरी घालत होतीस, माझ्यासाठी. हे मला तेव्हा कळलं असतं तर तुझ्याशी मी काय बोलले असते? बहुधा काहीच नाही. पण ती संत्र्याची फोड घेतली असती.

मागच्या आठवड्यात लहान मापाचे मोजे आले. मी ते घेऊन सौसरला गेले. तुझ्या जागेवर आता एक मुलगी आहे, प्रीती. बावीस-तेवीसची असेल. तुझ्या सीटवर बसते, देवरावकाका तिलाही चहा आणून देतात. मी मोजे घालून दवाखान्यात शिरले तेव्हा ती एका पेशंटला सलाइन लावायच्या तयारीत होती. मोजा चढवला, डाव्या हाताचं पहिलं बोट दाताशी नेलं आणि टचकन.

मी तिचा हात धरला. पेशंटचं काम दुसऱ्या सिस्टरला करायला सांगितलं आणि तिला गाडीपाशी आणलं.

"हे कोणी शिकवलं?"

"इथं समदेच असं करते मॅडम," ती घाबरली होती. "ताईची पद्धत हाय ही."

तू गेलीस, आणि तुझी चूकसुद्धा माझ्या नियमापेक्षा जास्त लाडकी आहे. मी दोन वर्षं कागद वाचून दाखवले, ते कोणाच्या लक्षात नाहीत. तू एकदा दातानं रबर फाडलंस, ती पद्धत झाली. त्या क्षणी मला तुझा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

मी माझे मोजे काढले. "काका, बाही वर करा."

"माह्यावरच काहून?"

"सुई नाही, नुसतं दाखवायचंय." प्रीतीचं उघडं बोट माझ्या उघड्या हातात घेतलं आणि काकांच्या दंडावर ठेवलं. "आधी असं शोध. सापडली?"

"हाव."

"मनात पक्की कर. आता तिथं स्पिरिटनं पूस. आता मोजा घाल, फाडू नको. मग खऱ्या पेशंटला सुई."

तिनं दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा स्वतःशीच म्हणाली, "होते की." मग मी तिला सांगितलं. कोहळं, विळी, हळद. मांडवात मी काय पाहिलं, आणि लोक हसले म्हणून काय बोलले नाही. आठ दिवसांचा अबोलाही सांगितला. हे मी आईला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. देवरावकाका बाही खाली न करता तसेच दुसरीकडे बघत उभे होते. सांगताना मी प्रीतीचा उघडा हात पुन्हा धरला होता. तिच्या अंगठ्याजवळ एक लहानसा ओरखडा होता, मांजराचा असेल. मी खिशातली चिकटपट्टी काढून त्यावर लावली. ती पट्टी गोटमारपासून तिथंच होती.

तेवढ्यात कॉल आला. काकांनी गाडी चालू केली, प्रीती नवा मोजा चढवत उडी मारून आत चढली, आणि सवयीनं तिचा हात मोज्यासकट तोंडाकडे गेला. मी ओरडले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले इतक्या जोरात, आणि तुझ्या भाषेत, जी मी कधीच बोलले नव्हते.

"पोट्टे! बोट झाक!"

कोणी हसलं नाही. तिनं हात खाली घेतला, मला अखंड मोज्यातली पाचही बोटं काचेतून दाखवली, आणि गाडी गेली.

ते दोन शब्द तुझ्या वाट्याचे होते, ताई. ते तिला मिळाले. मला त्या पोरीचा फार हेवा वाटतो.